त्सावोचे लाल हत्ती आणि पेडण्याचा ओंकार

त्सावोचे हत्ती लाल दिसतात. कातडी आपल्याकडच्या हत्तींसारखीच करडी, पण इथली माती थेट डिचोलीच्या खाणीकडची वाटावी अशी, आणि ती सोंडेने अंगावर उडवून घ्यायची त्यांना भारी हौस. फोटो पाठवला की घरून, गोव्यातल्या पेडण्याहून, पहिला प्रश्न रंगाचाच येतो. दुसरा पगाराचा, तो राहू दे.

मी असते केनियात, व्होई शहराजवळ, सागल्ला टेकडीच्या पायथ्याशी. एकीकडे त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यान, दुसरीकडे तैता लोकांची मका, मूग, चवळीची शेतं. मधली हद्द माणसांच्या नकाशात आहे, हत्तींना ती कोणी सांगितलेली नाही. जीपमधून दुर्बीण लावून बसायचं, असं माझ्या कामाचं चित्र घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतं. प्रत्यक्षात सकाळी वही आणि मोजपट्टी घेऊन शेतांच्या कडेने चालायचं. रात्री किती आले, किती माघारी वळले, कोणाच्या शेतात घुसले, कुठली तार तुटली, कुठल्या पेटीत माशा आहेत, हे सगळं लिहायचं.

पेटी म्हणजे मधपेटी. शेताभोवती खांब रोवून, दर दहा मीटरवर एक, अशा पेट्या टांगलेल्या असतात. त्यांतली एक खरी, पुढची नुसत्या फळीची खोटी, आणि सगळ्या एकाच तारेत ओवलेल्या. हत्तीने तारेला ढकललं की पेट्या हलतात, माशा खवळून बाहेर पडतात. एवढ्या जाड कातडीला माशी काय करणार, असं वाटेल. पण डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत हत्तीही हळवा असतो. हत्तींच्या अभ्यासक लुसी किंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केनियातल्या हत्तींना खवळलेल्या माशांचा नुसता आवाज ऐकवला, तर बहुतेक कळप पळाले. माशांबद्दल इतरांना सावध करणारी एक वेगळी, खोल गुरगुर ते काढतात, हे २०१० मध्ये पुढे आलं. सागल्लाच्या कुंपणांची अनेक वर्षांची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐन पिकाच्या हंगामात शेताशी आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत बाहेरच राहिले होते.

त्याच नोंदीतला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या दुष्काळात फुलं नव्हती, तेव्हा माशा पेट्या सोडून गेल्या आणि परत भरायला वर्षं लागली. माशीविना पेटी म्हणजे हवेत लटकलेलं फळकूट.

तरीही हे कुंपण टिकतं, कारण ते घरचं असतं. मध विकून पैसे घरात येतात, म्हणून तुटलेली तार बाई स्वतः बांधते, सरकारी माणसाची वाट बघत नाही. आमच्या शेजारच्या एका म्हातारीला मधापेक्षा झोपेचं कौतुक जास्त. पूर्वी ती रात्रभर पत्र्याचे डबे बडवत राखण करायची. गोव्यात सत्तरी तालुक्यात गव्यांसाठी आणि रानडुकरांसाठी आपली माणसं जे करतात, तेच.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, ओंकार नावाचा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि काकांचा फोन आला, "तुमचं ते माशांचं इथे बसवा गो." बसवता येईल, पण जसंच्या तसं नाही. आपली सातेरी माशी आफ्रिकेतल्या माशीच्या मानाने शांत आहे. त्यातून आपले पावसाचे चार महिने, आणि धो धो पावसात माशी पेटीतून निघत नाही. श्रीलंका, थायलंडमध्ये आशियाई हत्तींवर प्रयोग झालेत. आपल्या शेजारी कर्नाटकातल्या कोडगूत खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मार्च २०२१ मध्ये मधपेट्या लावायला सुरुवात केली. त्यामुळे सगळंच व्यर्थ, असं मी म्हणणार नाही. पण पिकायला आलेल्या भाताला आणि केळींना एकदा चटावलेला एकटा टस्कर चार पेट्यांना बधेल, यावर मी पैज लावणार नाही. फटाके लावून, मोबाईल उगारून त्याच्यामागे धावणारी गर्दी तर सगळ्यात वाईट. हत्ती बिथरतो आणि कुठल्या शेतातून बाहेर पडेल ते सांगता येत नाही.

काका, पेट्यांच्या आधी एक वही घाला. पंचनाम्यात गेलेल्या केळी मोजतात. मला हवी त्याची वाट: कुठून आला, किती वाजता, कशाला तोंड लावलं, कुठे वळला, कोणत्या गडग्यावरून उतरला. सकाळी उजाडल्यावर, तो लांब गेल्याची वन खात्याकडून खात्री झाली की, ओल्या मातीत मागच्या पायाचा ठसा शोधा. पुढचा गोलसर असतो, मागचा लांबट. टाचेपासून नखांपर्यंत लांबी मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. एकच नको, स्पष्ट असतील तेवढे सगळे घ्या. लांबीवरून वयाचा अंदाज बांधता येतो. आणि वहीत तारीख घालायला विसरू नका, तुमची सवय मला माहीत आहे.