धोटा गात नाही

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने निघाले, रात्री उशिरा सोलापूरला उतरले, स्टेशनजवळच्या लॉजवर झोपले. कविसंमेलन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. मधला दिवस उन्हात गेला. मार्चमध्येच चटके बसत होते. दुपारी कडक भाकरी, दही आणि उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाची चटणी खाल्ली. आमच्याकडे त्या नावाने जे मिळतं ते नुसतं तिखट घातलेलं दाण्याचं कूट असतं, हे आता मी कुणालाही ठासून सांगेन.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मात्र थांबले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. येरवड्यावरून मी रोज ऑफिसला जाते. ही चार नावं एका दमात मला त्या दिवसापर्यंत म्हणता येत नव्हती.

संमेलनाबद्दल राग आहे, तो लिहूनच टाकते. पाचची वेळ होती, साडेसहाला दीपप्रज्वलन झालं. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ज्यांचा सत्कार झाला त्यांची भाषणं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचे संदेश. तेवीस कवी नऊ वाजेपर्यंत मंचावर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ताटकळत बसून होते. मग निवेदकांनी जाहीर केलं, ‘प्रत्येकी दोनच मिनिटं, एकच कविता.’ माझ्या आधीच्या मुलीला तर ‘काहीतरी हलकंफुलकं, प्रेमाचं म्हणा’ असंही सुचवलं. ती बाळंतपणावरची कविता घेऊन आली होती. तिने तीच म्हटली. टाळ्या कमी पडल्या, पण तिचा आवाज शेवटपर्यंत हलला नाही. ज्यांच्या नावाने कार्यक्रम ठरतो त्यांनाच उरलेला वेळ द्यायचा, ही आपल्याकडची रीत मला आता सहन होत नाही. माणसं कविता ऐकायला येतात. नऊ वाजले तरी निम्म्याहून जास्त सभागृह भरलेलं होतं, हे मी मंचावरून बघत होते.

माझा नंबर एकोणिसावा. सोलापूरला जायचं म्हणून मी मागावरची कविता निवडली होती. विणकर मागावर बसलाय, धोटा गातोय, सुताला सूत भेटतंय, अशी. धोटा म्हणजे मागावर उभ्या धाग्यांमधून आडवं सूत घेऊन ये-जा करतो तो लाकडी तुकडा. पुण्यात या कवितेला दरवेळी दाद मिळाली होती. इथेही टाळ्या आल्या.

खाली उतरल्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ जिन्यापाशी थांबले होते. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी.

‘मॅडम, एक सांगू का? राग मानू नका.’

‘सांगा ना.’

‘पॉवरलूमवर बसत नाही ओ कुणी. उभंच राहायचं. अन् धोटा गात नाही. आपटतो.’

मला काही सुचलंच नाही. कविता छापून चार वर्षं झाली होती. तिच्यावर बोलणाऱ्यांनी प्रतिमेबद्दल, लयीबद्दल, कबीराबद्दल बरंच काही सांगितलं होतं. विणकर बसतो की उभा राहतो, हे कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

‘उद्या या की सकाळी. दाखवतो,’ ते म्हणाले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

सकाळची परतीची गाडी मी सोडली. रिक्षाने अशोक चौकाच्या पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशीच आवाज सुरू झाला. कारखान्याच्या दारात उभं राहिल्यावर तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. आत चादरींचे माग होते. वर जकार्डचे, म्हणजे नक्षी ठरवणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे साखळीसारखे फिरत होते आणि खाली चादरीवर मोर उमटत होता. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, सगळं हातांच्या खुणांनी चालतं. त्यांच्याकडे दोन माग. एकाची कांडी, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी, संपली की ती बदलून दुसऱ्याकडे वळायचं, आणि कांडी काही मिनिटांतच संपते. बारा तास उभं राहून हेच.

त्यांनी एक माग थांबवला आणि धोटा माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाला. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. नवी कांडी बसवली, धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढलं. क्षणाचं काम. मिशीवर कापसाचा तंतू राहिला, तो त्यांनी मनगटाने पुसला. किती वेळा असं करत असाल, मी खुणेनं विचारलं. ते नुसतेच हसले.

बाहेर चहा पिताना त्यांना म्हटलं, ‘तुम्ही कविता फार बारकाईने ऐकता.’ त्यात त्यांना विशेष काही वाटलं नाही. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, मालकाशी कन्नड. शाहीर राम जोशी इथले, कुंजविहारी इथले, कवी संजीव इथले, दत्ता हलसगीकर इथले, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. १९४१ चं साहित्य संमेलन सोलापुरात झालं आणि खांडेकर अध्यक्ष होते, हेही त्यांना ठाऊक होतं. पण ऐकायची सवय कुठून लागली, तर म्हणाले गड्ड्याच्या जत्रेतून. संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर संमती, म्हणजे त्या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते ऐकायचे. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की अक्षता टाकायच्या. ‘आधी टाकली की वडील चापट मारायचे. नीट ऐकून टाक म्हणायचे.’ सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, स्वतः बाराव्या शतकातले वचनकार, त्यांची वचनं कन्नडमध्ये. सोलापूरचं ग्रामदैवतच कवी आहे, हे मला तिथे चहाच्या टपरीवर उभं असताना उमगलं.

दुपारच्या बसने परतले. प्रवास वाईट झाला, त्याबद्दल काही लिहावंसं वाटत नाही.

निघताना ते म्हणाले होते, ‘दुरुस्त केली की फोनवर म्हणून दाखवा. पण रात्री आठनंतर. त्याआधी मागापुढं काय ऐकू येत नाही.’

तीन आठवडे लागले. ‘बसलाय’ काढल्यावर पुढच्या सहा ओळी आपोआप पडल्या. धोट्याची ओळ दहादा लिहिली. गेल्या गुरुवारी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन लावला आणि म्हणायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी थांबवलं.

‘एक मिनिट मॅडम. हिला पण बोलावतो. कांड्या तीच भरते.’