एका हातचे डोंगे

आमच्या वैनगंगेवर डोंग्याला कंपनी नसते, मिस्त्री असतो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली १९८८ साली, त्याच सुमारास आमच्या मिस्त्रीनं घाटावर पहिला डोंगा सोडला, असं म्हातारे सांगतात. आता मिस्त्री नाही, डोंगे आहेत. घाटावर दोन तट सरळ दिसतात. पल्याडच्या गावच्या मिस्त्रीचे डोंगे वडाखाली, आमच्या मिस्त्रीचे मोठ्या दगडापाशी. सोयरीक जमते, पण डोंग्यांची जागा बदलत नाही.

माझा डोंगा वडिलांचा. शेत नदीपलीकडे, म्हणून सुटका नाही. उन्हाळाभर काठावर पडून फळ्या आक्रसतात. म्हणून मृगाच्या आधी डोंग्यात दगड भरून त्याला पाण्यात बुडवायचं. लाकूड फुगतं, फटी मिटतात. सगळे तीन-चार दिवस ठेवतात, मी आठ दिवस ठेवला. तरी वल्हं हातात घेतलं की डाव्या टाचेखाली ओल. कापूस कोंबला, डांबर ओतलं. शहरातून गच्चीला लावायचा मसाला आणून तोही थापला. दुकानदारानं खात्रीनं दिला होता, आणि तो खात्रीनं वाहून गेला.

एक दिवस डब्यानं पाणी उपसत होतो. दगडावर विडी ओढत बसलेले काका तिथूनच म्हणाले, “काहून गुरुजी, डाव्या टाचेखाली येऊन राह्यलं न?”

त्यांनी माझा डोंगा आतून पाहिलाही नव्हता.

“मिस्त्रीले लांब फळी भेटे नाही. दोन तुकडे जोडे. जोड सगळ्याच डोंग्यात तिथंच. अन् लाकूड रुंदीत फुगते, लांबीत नाही. महिनाभर बुडवून ठेवा, टोकाले टोक लागलेला जोड काही मिटत नाही.”

वीस वर्षं मी सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. लाकूड पाण्यानं फुगतं हे कितीदा सांगितलं असेल. कुठल्या बाजूनं फुगतं, हे ना पोरांनी विचारलं ना मी.

मग दगडापाशी सभाच भरली. कोणी म्हणे आतून पत्रा मारा, खाली डांबरात भिजवलेला कापूस. कोणी म्हणे पत्रा तेलाच्या पिप्याचाच घ्या, तो वाकतो. खिळा जोडापासून दोन बोटं लांब मारायचा, नाहीतर फळी चिरते, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मिस्त्रीला शिव्याही भरपूर बसल्या. पण वडाखालचा एक जण हसला तशी हीच मंडळी उसळली: “आमचा डोंगा धारेत सरळ तरी चालते!” आणि ते खरंच आहे. बूड जड आहे. धरणाच्या ३३ दरवाजांतले काही उघडले आणि पाणी चढू लागलं की तो वर ओढायला चार माणसं लागतात, आणि धरायचं कुठं हे दगडापाशीच्यांनाच ठाऊक. वडाखालचे मदतीला येतात, पण नेमकी जोडाचीच फळी धरतात.

पत्रा मारला. ‘शेंगदाणा तेल’ ही अक्षरं उलटी दिसतात. टाच कोरडी आहे. आता उजव्या अंगानं थोडं पाणी येतं. दगडापाशी चौकशी केली, तर कोणाच्याच डोंग्यात तिथून येत नाही. काका वाकले, फळीवरून बोट फिरवलं, चिरेपाशी थांबले.

“हा खिळा मिस्त्रीचा नाही, गुरुजी. हा तुमचा आहे.”