सॉलिडस ओळखताना चेहरा शेवटी पाहावा

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील सोन्याची नाणी अभ्यासायला घेतली, तेव्हा चेहऱ्यावरून सम्राट ओळखण्याचा हट्ट मी धरला होता आणि त्यात सपशेल फसलो. नीरोचे किंवा व्हेस्पेशियनचे नाणे पाहिले की जिवंत माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस मात्र थिओडोसियस आणि त्याचे मुलगे आर्केडियस व होनोरियस या तिघांनाही तोच मोत्यांचा शिरपट्टा, तेच मोठे डोळे आणि तोच निर्विकार भाव लाभलेला दिसतो.

म्हणून आता मी आधी वजन पाहतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने सुरू केलेले सॉलिडस हे सोन्याचे नाणे एका रोमन पौंडात 72 या हिशेबाने पाडले जाई, त्यामुळे ते साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. त्याआधीच्या सम्राट डायोक्लेशियनचा ऑरियस, म्हणजे जुने सोन्याचे नाणे, पौंडात 60 असल्याने चांगलाच जड लागतो. मग मागच्या बाजूला तळाशी कोरलेली अक्षरे वाचतो. ‘कॉनोब’मधले ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि ‘ओब’ म्हणजे शुद्ध केलेले सोने. (ग्रीक अंकलेखनात हीच दोन अक्षरे 72 होतात, याची मला अजूनही गंमत वाटते.)

होनोरियसच्या सॉलिडसवर मागे सम्राट उभा असतो: एका हातात ध्वज, दुसऱ्या हातात गोलावर उभी असलेली विजयदेवता, पाय पडलेल्या कैद्यावर आणि खाली ‘कॉमोब’. खरी माहिती मात्र त्याच्या दोन्ही बाजूंच्या एकेका अक्षरात असते. ‘एम’ आणि ‘डी’ म्हणजे मिलान, ‘आर’ आणि ‘एम’ म्हणजे रोम, ‘आर’ आणि ‘व्ही’ म्हणजे राव्हेन्ना. दरबार मिलानहून राव्हेन्नाला 402 मध्ये हलला, म्हणून ‘आर-व्ही’चे नाणे त्याआधीचे धरता येत नाही. झिजलेल्या ‘व्ही’ला ‘एम’ समजून मी एक नाणे रोमच्या खात्यात टाकले होते. तिरपा उजेड पाडल्यावर ‘एम’चे उभे पाय तिथे कधी नव्हतेच, हे दिसले.

दक्षिण भारतात सापडलेल्या सॉलिडसांवर पुष्कळदा आणखी एक खूण आढळते, ती म्हणजे सम्राटाच्या डोक्यावर शेजारी शेजारी पाडलेली दोन छिद्रे. ज्यांच्या घरी पुतळ्यांची माळ आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. इथल्या कारागिरांनी केलेल्या नकलाही मिळतात आणि त्यांवरची लॅटिन अक्षरे बहुधा अक्षरांसारखी दिसणारी नुसती नक्षी असते. अस्सल नाणेही छिद्रांमुळे किंचित हलके भरते, तेव्हा केवळ तेवढ्या कारणावरून ते बाद करू नये.