करवलीने केलेला गोंद

लग्नघरात नखांचा मुहूर्त नक्की कुठे बसवायचा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मेंदीनंतर नखं करावीत तर बोटांत तेल मुरलेलं असतं. रंग चढावा म्हणून आधी लिंबू-साखरेचं पाणी, मग लवंगांची धुरी, शेवटी निलगिरीचं नाहीतर मोहरीचं तेल. असल्या नखावर कुठलाच गोंद धरत नाही. मेंदीच्या आधी करावीत तर मधे हळद येते, आणि हळद आमच्या सांगलीची. पांढऱ्या टोकांच्या फ्रेंच नखांवर चढली की वरचा पारदर्शक टॉप कोट पिवळा तो पिवळाच, घासूनच काढावा लागतो. म्हणून हल्ली नवऱ्या प्रेस-ऑन नखांचा, म्हणजे वरून चिकटवायच्या तयार प्लास्टिकच्या नखांचा, डबा आणून ठेवतात. हळद उतरली की चिकटवायची, रिसेप्शन झालं की काढायची. कल्पना चांगली आहे, माझा नखांचा धंदा बुडाला तरी चांगली आहे.

त्या दिवशी तोच डबा निघाला होता. वैशाख, भर दुपार, आणि माझ्या पार्लरमध्ये ओळीने बायका बसलेल्या. फोनवर करवली. आधी रडणं, मग, “ताई, दीदीची दोन बोटं एकमेकांना चिकटलीत. गोंद मी घरीच केलेला.”

“काय काय घातलंस त्यात?”

“इन्स्टंट गोंदाची ट्यूब. आणि खायचा सोडा.”

सोडा ऐकल्यावर मी बॅग भरायला घेतली. फोन कानाला लावूनच सांगितलं: ओढू नका, ब्लेड लावू नका, कोमट पाण्यात साबण घालून हात बुडवून ठेवा, आणि काही झालं तरी कापसाने पुसू नका.

शेवटची सूचना उशिरा पोहोचली. मी डिग्रजला त्यांच्या घरी पोहोचले तोवर आत्यांनी कापसाचा बोळा दाबून गोंद टिपून घेतला होता. हे बाहेरच्या माणसाला कधीच सुचत नाही, की ओल्या इन्स्टंट गोंदाला कापूस लागला की दोन्ही मिळून तापतात. साधं कोमट नव्हे, चटका बसेल इतके. कापसाच्या तंतूंमध्ये गोंद पसरतो, एका झटक्यात घट्ट होतो आणि सगळी उष्णता एकदम बाहेर टाकतो. मांडीवर ट्यूब सांडली आणि अंगात सुती कपडा असेल तर भाजतंच. नवरीच्या तर्जनीच्या टोकाला टरारून फोड आला होता. त्या बोटाला मी हात लावला नाही. गल्लीतले डॉक्टर येऊन बघून गेले आणि त्यांनी पट्टी बांधली. बाकीची चार बोटं माझ्या वाट्याला आली.

माजघरात निदान बारा-पंधरा माणसं. मामा हातात दाढीचं ब्लेड घेऊन उभेच होते, परवानगी मिळण्याची वाट बघत. लग्नघरात प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं, आणि ज्याला काही येत नाही तो हमखास धारदार वस्तू शोधून आणतो.

मधलं बोट आणि अनामिका वरच्या पेराशी जोडली गेली होती. साबणाच्या पाण्याने कडा सुटल्या होत्या. तिथे खोबरेल सोडलं, लाकडी काडीचं बोथट टोक फटीत ठेवलं आणि ओढायच्या ऐवजी काडी हळूहळू फिरवत नेली. कातडी ओढली की सोलवटते, काडी गोल फिरली की गोंद सोलवटतो. बोटं सुटली तेव्हा मामांनी ब्लेड खिशात घातलं, जरा नाराजीनेच.

खरं काम नखांचं होतं. हे मिश्रण कुठून आलं ते मला माहीत आहे. गिटार दुरुस्त करणारे, मॉडेल बनवणारे लोक भेग बुजवायला इन्स्टंट गोंदावर सोडा टाकतात. क्षणात दगड होतो, मग घासून आकार द्यायचा. कोणीतरी ते उचललं आणि ‘घरच्या घरी नेल ग्लू’ म्हणून रील केलं. हा गोंद हवेतल्या, कातडीवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. सोडा अल्कधर्मी, तो हेच काम कितीतरी पटीने लवकर करवतो. जे सावकाश व्हायचं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि उष्णताही तेवढ्याच घाईने नखात उतरते. नवरीने हात झटकला तो त्यामुळेच, आणि त्या झटक्यात ओला गोंद शेजारच्या बोटावर गेला.

पुढचं आमचं नेहमीचं, फक्त हट्टी. जाड फाइलने वरचा ढिगारा घासून पातळ करायचा, नाहीतर गोंद विरघळवणारं अ‍ॅसिटोन आत शिरत नाही. नखाभोवती व्हॅसलीन. मेंदीवर अ‍ॅसिटोन ओघळलं तर कातडी कोरडी पडून वरचा पापुद्रा निघतो आणि त्याच्याबरोबर रंगही. नवरीच्या मेंदीचा रंग मी फिका केला असता तर त्या आत्यांनी मला जिवंत सोडलं नसतं. म्हणून नखाच्या मापाचेच कापसाचे तुकडे कापले (घट्ट झालेल्या गोंदाला कापूस चालतो, ओल्याला नाही, हे आत्यांना तीनदा सांगावं लागलं), अ‍ॅसिटोनमध्ये भिजवले, एकेका नखावर ठेवले, वरून फॉइल गुंडाळलं. मग थांबायचं. प्रेस-ऑन नख प्लास्टिकचं, ते अ‍ॅसिटोनने मऊ पडून चिकट लगदा होतं. खालचा गोंद त्याहून सावकाश विरघळतो. सोडा मात्र अ‍ॅसिटोनने जात नाही. पुशर (नखावरचं खरवडायची बोथट पट्टी) लावला की गोंद निघे आणि मागे रव्यासारखी कचकच राही. पुसायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा थांबायचं. इथे घाई करून जो नख उपटतो तो नखाचा वरचा थरही घेऊन येतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. बिघडलेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने जातात.

आणि मधेच लवंगांचा वास आला. शेजारच्या खोलीत शेगडीवर तवा ठेवून कोणी दुसऱ्या हातासाठी धुरी काढायला घेतली होती, मेंदी अजून गडद व्हावी म्हणून. अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगी दिसली की पेट घेते. माझी वाटी उघडी, मधे दार नाही. मी ओरडले, “आधी शेगडी बंद करा!” लग्नघरात पाहुण्या बाईने असं ओरडायचं नसतं. आत्या म्हणाल्या, “एवढं काय गं, लवंगाच तर आहेत.” शेगडी मीच जाऊन बंद केली, खिडक्या उघडल्या, अ‍ॅसिटोनवर झाकण घातलं.

फॉइल लावून बसलेल्या त्या वेळात करवली माझ्याशी बोलायला लागली. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करते. डब्यासोबत आलेली छोटी ट्यूब आतल्या आत सुकून खडा झाली होती. उन्हाळ्यात हे नेहमीचं, पण विकणारे सांगत नाहीत. मग हिने घरातलं शोधायला घेतलं. आजीने मैद्याची खळ सुचवली, वह्यांना कव्हरं घालायची ती. ती सुकून पापुद्रा झाली आणि नखासकट पडली. मग पांढरा गोंद आणि ट्रान्स्परंट नेलपॉलिश समसमान, टूथपिकने ढवळून. तिने ते स्वतःच्या हातावर लावलं. भांडी विसळली आणि चार नखं मोरीत गेली. त्यानंतर इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणि सोडा.

म्हणजे घरगुती गोंदाचे जे प्रकार निरुपद्रवी होते ते सगळे नापास झाले, आणि पास झाला तो हाच. हे माझ्या डोक्यातून जात नाही. रील करणाऱ्यांना टिकणारा गोंद हवा असतो, कारण टिकला तरच व्हिडिओ चालतो. न टिकणाऱ्यात धोका नव्हता.

पण तिच्या उजव्या करंगळीवरचं नख तसंच होतं. पांढऱ्या गोंदाचं. भांडी, हळद, सगळं झेलून. मी हलवून बघितलं, कडेला केसभरही उचललेलं नव्हतं. म्हटलं, या बोटाला काय वेगळं केलंस? तिला आधी आठवेना. मग म्हणाली, त्या नखावर जुनं नेलपॉलिश पोपडे धरून होतं, म्हणून रिमूव्हरने पुसलं, फाइलने थोडं घासलं, वर सॅनिटायझर लावलं. बाकीच्यांना काहीच केलं नव्हतं, मेंदीचं तेल लावलेल्या हातानेच लावून मोकळी झाली होती. हे मी गिऱ्हाइकांना घसा सुकेपर्यंत सांगते. क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) मागे सारा, चकाकी जाईल इतकंच बफ करा, तेल आणि ओलावा काढा, बोटाच्या दोन्ही कडांना बरोबर बसेल असंच माप घ्या, मागून पुढे तिरकं टेकवत आणा म्हणजे हवा राहत नाही, आणि अर्धा मिनिट दाबून धरा. गोंद शेवटी येतो. लोक मात्र पहिला प्रश्न गोंदाचाच विचारतात.

पांढऱ्या गोंदाची अडचण मी तिला सांगितली. तो पाणी उडून सुकतो. लाकूड पाणी पिऊन घेतं, कागद पितो. इथे वर प्लास्टिक, खाली नख. पाण्याने जायचं कुठून? कडा सुकतात, मधला भाग ओला राहतो. चार तासांच्या समारंभाला हरकत नाही. आठवडे ठेवलं तर त्या ओलाव्यात जंतू वाढून नख हिरवं पडतं. अशी नखं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवते.

ती ऐकत होती, आणि मग माझ्या बॅगेतली ग्लूची बाटली उचलून मागचं बारीक वाचायला लागली. “ताई, यात पण सायनोअ‍ॅक्रिलेटच आहे. इन्स्टंट गोंदाच्या ट्यूबमध्ये पण तेच रसायन.” तिने मला त्याचा इतिहासही सांगितला. 1942 साली हॅरी कूव्हर नावाचा अमेरिकन रसायनज्ञ बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, त्यात हे सापडलं आणि सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं. गोंद म्हणून बाजारात यायला 1958 उजाडलं. “मग फरक काय?”

मी म्हटलं, नखाचा गोंद दाट केलेला असतो, कडेला धावत नाही. त्याला ब्रश असतो, मोजून थेंब येतो. आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर परवाना, घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता लागतो. 2020 पासून त्याचे वेगळे नियमच आहेत. तिने डब्यातली ती सुकलेली ट्यूब माझ्यापुढे धरली. त्यावर फक्त एक गुलाबी फूल छापलेलं होतं. ना पत्ता, ना घटक, ना तारीख. घाऊक बाजारात असल्या ट्यूबा किलोवर मिळतात आणि त्या तपासायला कोणी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. माझं उत्तर माझ्या बाटलीपुरतं खरं होतं. तिच्या हातातल्या ट्यूबपुढे ते टिकलं नाही.

रात्री उशिरा चारही नखं मोकळी झाली. पातळ झाली होती पण शाबूत होती. नवरीला मी साधं नेलपेंट लावून दिलं, मरून. पट्टीच्या बोटाला मोत्यांच्या लेसची टोपी बसवली. मेंदीचा रंग राहिला.

निघताना पैशांचा विषय आला. आत्या म्हणाल्या, “लावायचे पैसे समजू शकते. काढायचे कसले पैसे?” हे प्रत्येक नेल आर्टिस्टने ऐकलेलं वाक्य आहे. लावायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट काढायला लागतो, आणि काढतानाच नख मरतं किंवा वाचतं, पण काढण्याला लोक पुसण्यात धरतात. मामांनी निमूट पाकीट काढलं. ब्लेडवाले मामा, त्यांनी सगळा वेळ समोर बसून बघितलं होतं.

सत्यनारायण झाल्यावर करवलीचा फोटो आला. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये तिने पांढरा गोंद दाबून ठेवला होता. कडा पारदर्शक, मधे अजून दुधाळ. खाली लिहिलेलं, “ताई, तुम्ही म्हणालात तसंच. आता नखांच्या टिप्सवर करून बघते, उरलेल्या असतील तर द्याल?” उरलेल्या म्हणजे शून्य आणि नऊ नंबरच्या. प्रत्येक डब्यात सगळी मापं येतात आणि ही दोन कुणाच्याच बोटाला बसत नाहीत, माझ्याकडे पिशवीभर साठलीत. शनिवारी ये म्हटलंय. ट्यूब घरी ठेवून ये, हेही म्हटलंय.