एवढा शहाणा दिसतो, मग साध्या शिबिरात का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही एकटे नाही. मार्च संपत आला की सांगलीच्या विश्रामबागेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, तुमच्या त्या वर्गातली पोरं तर अगदी आपल्या घरातल्यासारखी दिसतात. नीट बोलतात, मोबाईल आपल्यापेक्षा भारी चालवतात. मग साध्या उन्हाळी शिबिरात घाला की त्यांना. वेगळं कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पोरांवर शिक्का बसू नये, एवढंच त्यांना वाटत असतं. म्हणून उत्तरही जरा सविस्तर द्यायला हवं.

आधी ही मुलं कोण, ते सांगते. मी विशेष शिक्षिका. मे महिन्यात आम्ही काही जणी मिळून सांगलीत तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी सकाळी आठ ते साडेबारा असा वर्ग चालवतो. मुक्काम नाही. साडेबाराला घरी, कारण त्यानंतरचं सांगलीचं ऊन पोरांना काय, आम्हालाही सोसत नाही. शिवाय सकाळी शिकलेलं संध्याकाळी घरी करून बघता येतं. बहुतेकांचा बुद्ध्यांक 50 ते 69च्या दरम्यान, म्हणजे सौम्य बौद्धिक अक्षमता, आणि काही जण सौम्य स्वमग्न. पहिली-दुसरीत कुणाच्या लक्षात येत नाही. आठवीपर्यंत ढकलत वर येतात आणि नववीत गाडी अडते. तोवर 'लक्ष नाही', 'आळशी आहे' हे ऐकून ऐकून पोरगं मुकं व्हायच्या बेताला आलेलं असतं. मग कुणीतरी सिव्हिलला जायला सांगतं, बिने-कामत ही बुद्ध्यांक मोजायची चाचणी होते, आईला बसवून 'अंघोळ स्वतः करतो का, दुकानात एकटा जातो का' असे प्रश्न विचारले जातात आणि प्रमाणपत्रावर सहसा 50 टक्के दिव्यांगत्व येतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी निदान 40 टक्के लागतात, म्हणजे ही मुलं त्यात बसतात. कागद मात्र बऱ्याच घरांत साड्यांच्या घडीखाली राहतो. एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत मिळते, तीसुद्धा घेत नाहीत. कंडक्टरला कळेल ना!

त्याच कागदावरून एक घोळ होतो. बुद्ध्यांक 60 आणि वय पंधरा म्हटलं की जुन्या हिशोबाने (पंधराचे 60 टक्के) मानसिक वय नऊ निघतं. झालं, 'डॉक्टर म्हणाले, हा नऊ वर्षांचाच आहे' हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं. अहो, तो नऊ वर्षांचा नाही. गणितात, वाचनात नऊ वर्षांच्या मुलाइतकं येत असेल. पण त्याला मिसरूड फुटलंय, आरशासमोर अर्धा तास जातोय, समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी गॅलरीत आली की शर्ट बदलून येतोय. त्याची लाज, त्याचा राग, त्याची हौस सगळी पंधराचीच आहे.

आता तुमच्या साध्या शिबिराकडे येऊ. तिथे या मुलाचं दोनपैकी एक होतं. एक म्हणजे, 'लहानांत छान रमतो' म्हणून त्याला आठ-नऊ वर्षांच्या गटात बसवतात. तो खरंच रमतो, पण चिमुकल्यांच्या आया चार दिवसांत कुजबुजू लागतात, की एवढा मोठा मुलगा आमच्या मुलीचा हात का धरतो. त्याने काहीच केलेलं नसतं. दुसरं म्हणजे, समवयस्कांत घालतात. तिथे कुणी मारत नाही, हाकलत नाही. फक्त विनोद त्याच्या डोक्यावरून जातात, त्याला हसायचं कधी ते कळत नाही, आणि लांब गेलेला बॉल आणायचं काम रोज त्याच्याकडेच येतं. शिबिर संपताना सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतो, त्यात तो नसतो.

पण हेही माझं खरं कारण नव्हे. खरं कारण असं, की त्याला जे शिकायचंय ते साध्या शिबिरात कुणी शिकवतच नाही. का शिकवावं? बाकीच्या पोरांना ते येतंच.

बसचं उदाहरण घ्या. सुरुवातीला आमचा बराच वेळ विश्रामबाग ते मिरज या सिटी बसच्या प्रवासात जातो. आपण हे झोपेतही करतो, म्हणून त्यात किती कामं आहेत ते दिसत नाही. गाडी थांबायच्या आत पाटी वाचायची. उतरणाऱ्यांना वाट द्यायची, पण इतकी नाही की गाडी निघून जाईल. कंडक्टर जवळ येईतो पैसे हातात. आमचा एक मुलगा घरात फार अदबीने वाढलेला. कंडक्टर आला की तो सुरू करायचा, "नमस्कार काका, मला मिरजेला जायचं आहे, कृपया मला..." तेवढ्यात काका दोन सीट पुढे. हा कावराबावरा. त्याच्याकडून आम्ही रोज घोकून घेतलं, "एक मिरज." पैसे पुढे, "एक मिरज", बस्स. त्याच्या आईला ते उद्धट वाटलं. मी म्हटलं, ताई, एकदा तुम्ही स्वतः तिकीट कसं काढता ते आठवून बघा.

बसमध्ये आधी आमच्यातली एक जण शेजारी बसते. मग मागच्या सीटवर, मग पार दाराजवळ, आणि शेवटी ती मिरजेच्या स्टॉपवर आधीच जाऊन थांबते. मदत द्यायला सुरुवात करतानाच ती कधी काढून घ्यायची ते ठरवावं लागतं, नाहीतर पोरगं तीस वर्षांचं झालं तरी शेजारी कुणीतरी बसलेलंच राहतं. आई-वडिलांना हे सगळ्यात जड जातं. एक वडील स्कूटरवरून बसच्या मागे मागे मिरजेपर्यंत आले होते. हेल्मेट घालून, ओळखू येऊ नये म्हणून. मुलाने खिडकीतून हात केला.

पैशाचं तसंच. वजाबाकी नीट येईपर्यंत थांबलो तर दुकान कधीच दिसणार नाही. म्हणून आम्ही 'पुढचा दहा' शिकवतो. दुकानदार 32 म्हणाला, पुढचा दहा कुठला? 40. दहाच्या चार नोटा द्यायच्या आणि सुट्टे येईपर्यंत हलायचं नाही. हिशोब त्याने करायचा, थांबायचं काम आपलं. बहुतेकांना हे जमतं. यूपीआयने निम्मं सोपं केलं आणि निम्मं अवघड. स्कॅन करणं पोरं आम्हाला शिकवतात, पण शंभरच्या जागी हजार पडले तर हाताला काही जाणवत नाही. त्यामुळे भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच वाक्य लावलंय, 'पैसे मिळायला पिन लागत नाही.' फोनवर गोड बोलून पिन टाकायला लावणाऱ्याला अशीच पोरं सापडतात.

कामाचा तास बेदाण्यांवर असतो. तासगाव जवळ असल्याने माल मिळतो. निवडायचे, देठ काढायचे, 250 ग्रॅमच्या पिशव्या भरायच्या, सील करायच्या. एक मुलगी काट्यावर 250 आल्याशिवाय पिशवी सोडायचीच नाही. 251 झालं, एक बेदाणा काढला. तरी 251. दुसरा काढला, 250 झालं, हुश्श. तेवढ्यात वरचा पंखा फिरला आणि काटा 249 वर. परत बेदाणा आत. बाकीच्यांच्या दहा पिशव्या व्हायच्या तेव्हा हिची दुसरी चाललेली. तिला 'चालेल' म्हणायला शिकवणं हे वजन शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण गेलं. शेवटी काट्याच्या बाजूला हिरवी पट्टी चिकटवली, 250 ते 254. आकडा पट्टीतला असला की पिशवी पुढे. पट्टी तिने मान्य केली, कारण तो नियम होता. आता भरायला सगळ्यात भरवशाची तीच, फक्त वेग बेताचा.

एक तास असा आहे, की ज्याबद्दल पालक दबक्या आवाजात विचारतात. मुलींची पाळी, मुलांमधले बदल, दार लावून करायच्या गोष्टी. ते शिकवतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याहून मोठा भाग 'नाही' म्हणायचा. या मुलांना जन्मापासून शिकवलेलं असतं, शहाण्यासारखं ऐक, मोठ्यांना उलट बोलू नकोस. ती ऐकतात. कुणी 'चल' म्हणालं की चालू लागतात, कुणी 'फोटो पाठव' म्हणालं की पाठवतात. म्हणून रोज थोडा वेळ आम्ही मुद्दाम चुकीचं काही सांगतो. "तुझी पिशवी मला दे, मी घरी नेते." त्याने "नाही, माझी आहे" म्हटलं पाहिजे. सुरुवातीला कसंनुसं हसून पिशवी देऊन टाकतात. नंतर असं 'नाही' म्हणायला लागतात, की पालकांची तक्रार येते, घरीही म्हणतो हो! म्हणू द्या. पंधरा वर्षांच्या मुलाने घरात 'नाही' म्हणू नये, असा नियम तुमच्या धाकट्याला तरी लावलाय का?

जत-आटपाडीकडचे पालक विचारतात, रोज ये-जा कशी करायची? करूच नका, असं मी सांगते. दिवसाचा वर्ग सांगलीतल्या मुलांसाठीच असतो. आणि खरं बोलायचं तर त्यांच्या पोरांकडे शहरातल्या फ्लॅटमधल्या पोरांपेक्षा जास्त खरं काम असतं. डेअरीवर दूध घालायला जाऊ द्या. लिटर किती, फॅट किती, ते पावतीवर वाचून घरी येऊन सांगू द्या. शेरडं मोजून आत घेऊ द्या. फक्त मोठ्या भावाने मागून ओरडू नये, "सोड, तुला नाय जमायचं."

आणि हो, साध्या शिबिरातही आमची मुलं जातात, मीच पाठवते. पोहायला बेधडक घाला. पाण्यात प्रत्येक जण आपापला असतो आणि शिकवणारा हात धरून दाखवतो. आमच्या नाट्यपंढरीत, म्हणजे सांगलीत, उन्हाळ्यात नाटकाची शिबिरंही होतात. तिथे वस्तू वेळेवर विंगेत पोचवायचं काम आमच्या एका मुलीला मिळालं. नावापुरतं नव्हे, ती चुकली असती तर प्रयोग अडला असता. असं काम देणारा माणूस भेटला तर वेगळा वर्ग कशाला हवा?

तुम्हाला खरंच कुणासाठी असा वर्ग बघायचा असेल तर रंगीत पत्रकाला भुलू नका. शिकवणाऱ्याचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा, खरा विशेष शिक्षक तो लगेच दाखवतो. मुलांची वयं विचारा. गेटच्या बाहेर किती वेळा नेता ते विचारा. महिनाभर पणत्याच रंगवून घेणार असतील तर पैसे वाचवा. आमच्याकडे यायचं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच मुलाला घेऊन या, आणि त्याच्याविषयीचे प्रश्न मी त्यालाच विचारीन, मध्ये बोलू नका. येताना पाण्याची बाटली, टोपी, सुट्टे पैसे. पालकांनी गेटपर्यंतच यायचं. सुरुवातीला आया पायरीवर बसून राहतात, खिडकीतून डोकावतात. त्यांना आम्ही चहा देत नाही, म्हणजे लवकर घरी जातात.