कॉनिस्टनच्या काळ्या उतारावरची रोपे

कॅनडातील सडबरीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: तिथे उभे दिसणारे झाड आणि तिथे बीजातून रुजलेले रोप या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मला हे निघण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते, आणि ज्या माणसाने आम्हा दोघी बहिणींकडून दोन तासांचे 120 डॉलर घेतले त्याने तर नेमके उलटे सांगितले.

टोरोंटोपासून सडबरी सुमारे 400 किलोमीटर आहे. 400 क्रमांकाच्या आणि पुढे 69 क्रमांकाच्या महामार्गाने सव्वाचार ते साडेचार तास लागतात, आणि पॅरी साउंडच्या पुढे काही पट्टा अजूनही दुपदरीच आहे. आम्ही मे महिन्याच्या अखेरीस गेलो. ती चूक होती. या दिवसांत काळ्या माश्या इतक्या असतात की डोक्यावर जाळी नसेल तर एका जागी बसून काहीही पाहता येत नाही, आणि इथे तर बसूनच पाहायचे असते. सप्टेंबरात जावे.

सडबरी हे निकेल आणि तांब्याचे गाव आहे. 1883 मध्ये रेल्वेमार्ग टाकताना इथे खनिज सापडले आणि पुढची कित्येक वर्षे ते उघड्यावर, लाकडांच्या ढिगांवर भाजले गेले. त्या लाकडांसाठी आसपासचे जंगल तुटले, जे उरले ते गंधकाच्या धुराने जळाले, मातीचा सामू (pH; हा आकडा जितका कमी तितकी माती अधिक आम्लधर्मी) चारच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली गेला, आणि आधार सुटलेली माती पावसाने वाहून गेल्यावर काळा पडलेला कातळ उघडा झाला. निकेल आणि तांबे मात्र राहिलेल्या मातीच्या वरच्या थरात साचून राहिले. शहराच्या पूर्वेला असलेल्या कॉनिस्टनची धातू गाळण्याची भट्टी 1972 मध्ये बंद झाली. धूर थांबून अर्धशतक उलटले, तरी ज्या उतारांवर उपचार झाले नाहीत ते आजही काळेच आहेत.

आमच्या वाटाड्याने गाडी थांबवली ती रस्त्याकडेच्या बर्च झाडांजवळ. बुंध्यापाशी चार-पाच खोडे एकत्र फुटलेली, खुरटलेली, पण पाने हिरवी. ही झाडे विषारी मातीला सरावली आहेत आणि त्यांची पिल्लावळ आता आपोआप डोंगर झाकणार आहे, असे त्याने ठासून सांगितले. अपोलोच्या अंतराळवीरांना इथे आणले ते जमीन चंद्रासारखी उजाड होती म्हणून, हेही त्यानेच सांगितले. प्रत्यक्षात ते 1971 आणि 1972 मध्ये आले ते प्राचीन उल्कापाताने विस्कटलेले खडक ओळखायला शिकण्यासाठी. झाडांबद्दलचे त्याचे बोलणेही तसेच कच्चे निघाले. अनेक खोडांचा तो झुपका म्हणजे जुन्या, खोल गेलेल्या मुळावर पुन्हा पुन्हा आलेला फुटवा असतो. तो तगला म्हणून शेजारी पडलेले बीजही तगेल, असे मुळीच नाही.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कॉनिस्टनच्या एका काळ्या उतारावर कळले, आणि या प्रवासातील सर्वांत वाईट टप्पाही तोच होता. सह्याद्रीत घसाऱ्यावरून ज्यांनी चढउतार केला आहे त्यांना त्याची कल्पना येईल: गुळगुळीत कातळ, त्यावर बोटभर जाडीची सैल खडी, धरायला ना गवत ना झुडूप. चढ मोठा नाही, पण उतरताना आम्हा दोघींना जागोजागी बसून सरकावे लागले. चांगली पकड असलेले बूट नसतील तर जाऊ नये. ऊनही वरून आणि खालून असे दोन्हीकडून लागते, कारण काळा कातळ सकाळी दहालाच तापलेला असतो.

त्याच खडीवर ताईला बर्चचे एक रोप आडवे पडलेले दिसले. बोटाच्या पेराएवढी उंची, नुकतीच फुटलेली तीन पाने, शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, कडांना जांभळी झाक. मूळ सगळे उघडे होते, आणि ते जेमतेम सेंटिमीटरभर, जाडसर, तपकिरी, टोकाशी विझलेल्या वातीसारखे बोथट. त्याला एकही उपमूळ नव्हते. आजूबाजूला पाहिले तर तशीच आणखी सात-आठ रोपे होती.

पानांवरून रोपाची परीक्षा करू नये, हे मी तिथे शिकले. बीज रुजण्याला जड धातू फारसे अडवत नाहीत; टरफल आतल्या गर्भाला बऱ्यापैकी जपते, म्हणून उजाड उतारावरही अंकुर दिसतात आणि पाहणारा फसतो. खरा घाव बसतो तो मूळ बाहेर पडून मातीला टेकल्यावर. आम्लधर्मी मातीत तांबे, निकेल आणि त्यांच्या जोडीने ॲल्युमिनियम पाण्यात विरघळतात, मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन आणि लांबणे मंदावते, आणि मूळ खाली जाण्याऐवजी जाड होऊन थांबते. तांबे बहुतेक मुळातच अडकते. निकेल वर पानांपर्यंत पोहोचते आणि लोहाच्या वापरात अडथळा आणते, त्यातून तो शिरांमधला पिवळेपणा येतो. बर्चचे बी अत्यंत बारीक, त्यामुळे गाठीला शिदोरी नाही आणि रोप लगेच उघडे पडते. ओकचे फळ मोठे असल्याने त्याचे रोप पहिले वर्ष साठ्यावर काढते आणि निरोगी असल्याचा भास देते.

इतके होऊनही मरण बहुधा थेट धातूने येत नाही. मूळ आखूड राहते, मग थंडीत मातीतल्या पाण्याचे सुईसारखे बर्फ होऊन ते रोपाला वर उचलते आणि उन्हाळ्यात तापलेली खडी उरलेले काम करते. ताईने ते रोप पुन्हा मातीत खोचले. मी तिला अडवले नाही, पण त्या मुळाला धरून राहण्याजोगे काही उरलेले नव्हते.

याच उताराच्या टोकाला चुन्याची हद्द लागते, आणि तिथवर गेल्याशिवाय परतू नये. 1978 पासून शहराने उन्हाळी कामाला घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या हातांनी, पिशव्या खांद्यावर वाहून, हेक्टरी 10 टन दळलेली डोलोमाइट चुनखडी पसरली, मग खत आणि गवताचे व शेंगवर्गीय बियाणे टाकले, आणि त्यानंतर मुख्यतः पाइनची रोपे लावली. लावलेल्या झाडांची संख्या 2022 मध्ये एक कोटीवर गेली. धातू तिथून गेलेले नाहीत. सामू वाढल्याने ते फक्त कमी विरघळतात. हद्दीच्या अलीकडे खडी आणि पलीकडे गवत, शेवाळ आणि कोणी न लावता आलेले गुडघाभर बर्च. एका ढासळलेल्या कडेला त्यातल्या एका रोपाची मुळे बाहेर लोंबत होती: बारीक, फाटे फुटलेली, आणि टोकांवर बुरशीची फिकट टोपडी, जी धातूंचा काही भाग आपल्याच तंतूंत अडवून धरते. दोन मुळांमध्ये फार तर तीस पावलांचे अंतर होते.

वाटाड्या घेऊ नये, पैसे वाया जातात. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या नावाची पायवाट कॉनिस्टनमध्येच आहे आणि ती विनामूल्य आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग न्यावे, रोपे उपटू नयेत, उघडी पडलेलीच पाहावीत, आणि त्या मातीचे हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. हाताशी अर्धाच दिवस असेल तर पर्यटक आवर्जून पाहतात ते नऊ मीटर उंच निकेल नाण्याचे शिल्प सोडून द्यावे आणि थेट इथे यावे. तिसरा दिवस आम्ही रामसे तलावाकाठी सुखात घालवला. त्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही.

परतीला मात्र दुपारीच निघावे. आम्ही संध्याकाळपर्यंत रेंगाळलो, आणि फ्रेंच नदी ओलांडल्यावर काळोखात एक मूस, म्हणजे तिथले प्रचंड मोठे हरिण, रस्त्याच्या मधोमध उभा होता.