फ्लिकरचा चोर आमच्याच दोरीवर वाळत होता

सापडला एकदाचा. माझ्या टाइमलॅप्स क्लिपांमध्ये (दर काही सेकंदांनी घेतलेले फोटो जोडून केलेल्या चित्रफितींमध्ये) जी लुकलुक, म्हणजे फ्लिकर, येत होती तिचा चोर. तीन आठवडे, नऊ क्लिपा, एक एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड घटवणारी काच) आणि एक जुनी लेन्स एवढं सगळं खर्ची पडल्यावर सापडला. मागच्या नोंदीत मी डायफ्रॅमला (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांना) दोषी ठरवून मोकळा झालो होतो, ते शब्द मागे घेतो. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

जागा तीच, जुळे सोलापुरातली आमची गच्ची. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला, नळदुर्ग-अक्कलकोटच्या अंगाला. संध्याकाळी सगळं गाव सिद्धेश्वर तलावावर मावळतीचे फोटो काढतं आणि मी सूर्याकडे पाठ करून उभा असतो, यावरून माझी पुरेशी टिंगल झालेली आहे. पण आमचा मोठा पाऊस सप्टेंबरचा, आणि या दिवसांत दुपारनंतर पूर्वेला जे ढगांचे मनोरे उभे राहतात त्यांच्यावर मावळतीचं ऊन समोरून पडतं. फुलकोबीसारखे फुगत जातात, माथा पसरून ऐरण होते, मग केशरी, गुलाबी, राखाडी. रत्नागिरीचा मित्र भाट्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात बुडणारा सूर्य घेणार आणि मी त्याच संध्याकाळचं पूर्वेचं आभाळ घेणार, असा आमचा ‘एकच संध्याकाळ, दोन शहरं’चा बेत. त्याच्या क्लिपा लोण्यासारख्या येत होत्या. माझ्या क्लिपा म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या घरातली ट्यूबलाइट.

आता या लुकलुकीने मला कसं फिरवलं ते सांगतो, कारण प्रत्येक पायरीवर मी शहाणपणाच केला होता.

पहिला संशय डायफ्रॅमवर. एफ ८ ला, म्हणजे छिद्र बरंच मिटवून फोटो घेताना, दर फोटोगणिक पाती अगदी तेवढीच मिटत नाहीत, त्यामुळे फ्रेम किंचित उजळ-गडद होते, हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून लेन्स थोडी फिरवून तिचा कॅमेऱ्याशी असलेला संपर्क तोडण्याची युक्ती केली, म्हणजे पाती मिटलेलीच राहतील. लुकलुक वाढली. म्हटलं, युक्ती नीट जमली नसेल. मग नव्या पेठेतल्या जुन्या कॅमेरेवाल्याकडून २८ एमएमची मॅन्युअल लेन्स आणली, छिद्राची कडी हाताने फिरवायची. आता तर पाती हलण्याचा प्रश्नच नाही. लुकलुक आणखी वाढली.

दुसरा संशय शटरवर. कारण एक गोष्ट दर वेळी दिसत होती: सूर्य मावळला की लुकलुक आपोआप बंद. माझा तर्क असा की उजेड कमी झाला, शटर मंदावलं, म्हणजे वेगवान शटरच्या बारीक चुका धुऊन निघाल्या. तर्क ऐकायला इतका गोड होता की मी लगेच एनडी मागवला, म्हणजे दिवसाउजेडीही शटर मंद राहील. व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करायचा) एनडी घेतला नाही एवढी अक्कल शिल्लक होती. रुंद लेन्सवर ते आभाळात काळी फुली काढतात. चांगला साधा, तीन स्टॉपचा घेतला (दर स्टॉपला उजेड निम्मा). ज्या ऑनलाइन दुकानाने पाठवला त्याने पहिल्यांदा चुकीच्या व्यासाचा पाठवला, परत घ्यायला बारा दिवस लावले आणि वर ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल’ म्हणून विचारलं. असो. एनडी लावला आणि त्या संध्याकाळची क्लिप सगळ्यांत वाईट आली.

इथे मी हात टेकले. तीन उपाय आणि तिन्हींनी दुखणं वाढलं. एखाद्या चौकस माणसाने इथेच थांबून विचार केला असता. मी सॉफ्टवेअरकडे वळलो. एलआरटाइमलॅप्सची फुकटची आवृत्ती चारशे फोटोंवर थांबते, माझे असतात साडेसहाशेच्या आसपास. दाविंची रिझॉल्व्हमधलं डीफ्लिकर, म्हणजे लुकलुक पुसणारं साधन, विकतच्या आवृत्तीत. मित्राच्या मशीनवर चालवून पाहिलं, तर लुकलुक गेली खरी, पण ढगांच्या कडाही विरघळल्या. मनोऱ्याचा पिठल्याचा गोळा झाला. माझं मत स्पष्ट आहे: सॉफ्टवेअरचं डीफ्लिकर शेवटच्या हळदी-कुंकवापुरतं वापरावं, स्वयंपाक त्याच्यावर टाकू नये.

आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे मधूनच एखादी क्लिप अगदी स्वच्छ यायची. बुधवारी स्वच्छ, शनिवार-रविवारी फडफड, पुन्हा मंगळवारी स्वच्छ. फक्त या स्वच्छ क्लिपा थोड्या गडद वाटायच्या. मी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हटलं, ढग जास्त असतील.

मागच्या शनिवारी रत्नागिरीकराने माझ्या मांडणीचा व्हिडिओ मागितला. फोन पाण्याच्या टाकीवर टेकवून मी तो लावून दिला आणि खाली चहाला गेलो. रात्री पाहतो तर चित्रात माझा कॅमेरा, त्याच्यामागे चार हातांवर कपड्यांची दोरी, आणि दोरीवर आमच्या घरातल्या यच्चयावत सोलापुरी चादरी. घटस्थापना तोंडावर, आईने घरातली सगळी पांघरुणं धुवायला काढलेली. वाऱ्याने चादर हलली की कॅमेऱ्याच्या पाठीवर सावली. चादर बाजूला झाली की पाठीवर लखलखीत ऊन. सावली, ऊन, सावली, ऊन. मी कपाळावर हात मारून घेतला.

ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी: आपल्या डीएसएलआरमध्ये उजेड मोजणारा सेन्सर वर, व्ह्यूफाइंडरच्या शेजारी बसलेला असतो. डोळा लावलेला असला की मागची खिडकी बंद. ट्रायपॉडवर मात्र ती सताड उघडी, आणि माझा कॅमेरा पूर्वेकडे बघत असल्यामुळे मावळतीचा सूर्य थेट त्या खिडकीतून आत. मीटरला, म्हणजे त्या सेन्सरला, वाटतं, समोर फार उजेड आहे. तो शटरचा वेग वाढवतो, फ्रेम गडद. चादरीची सावली पडली की मीटर शुद्धीवर, फ्रेम बरोबर. आणि आपली सोलापुरी म्हणजे जाड जेकॉर्ड विणीची, तिच्यातून उजेडाचा कवडसाही पलीकडे जात नाही. मलमलीचं धोतर वाळत असतं तर कदाचित मला कधी कळलंच नसतं.

मग एकेक कोडं पटापट सुटलं. स्वच्छ दिवस म्हणजे दोरी रिकामी असलेले दिवस: ऊन सारखंच आत, म्हणून लुकलुक नाही, पण सगळ्या फ्रेमा गडद. सूर्य मावळला की खेळ बंद, शटर मंदावल्यामुळे नव्हे तर मागून येणारं ऊनच संपल्यामुळे. आणि माझे तिन्ही उपाय उलटले ते का, तर एनडीने समोरचा उजेड घटला, मागचा तेवढाच राहिला, म्हणजे मीटरवर चोराचा हिस्सा मोठा झाला. लेन्स फिरवली काय, जुनी मॅन्युअल लावली काय, दोन्ही वेळा मोजणी एफ ८ ला मिटलेल्या छिद्रातूनच होते, म्हणजे तिथेही समोरचा उजेड घटला आणि मागचा तेवढाच राहिला.

खात्री करायला दुसऱ्या दिवशी पाच वाजता एनडी लावून शटरचं बटण अर्धं दाबलं. मागे बोट ठेवलं: १/६०. बोट काढलं: १/१२५. पूर्ण एक स्टॉप! मग जुन्या फोटोंचा एक्झिफ (फोटोबरोबर साठवलेली कॅमेऱ्याची नोंद) काढून शटरचे आकडे ओळीने पाहिले. १/१२५, १/१२५, १/६०, १/८०, १/१२५. हे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. डायफ्रॅमचा किंवा शटरचा दोष असता तर आकडे तेच राहिले असते आणि फोटो वेगळे दिसले असते. इथे आकडेच नाचत होते, म्हणजे गडबड मोजण्यात. तेव्हा नव्याने लुकलुक दिसली तर आधी एक्झिफ, मग खिशात हात.

आईला सांगितलं तर म्हणाली, “चादरी खाली आण म्हटलं तर ऐकू येत नाही, आणि आता त्यांच्यावरच आळ घेतोस होय?”

उपाय किती रुपयांचा? शून्य. कॅमेऱ्याच्या गळपट्ट्यावर जो काळा रबराचा तुकडा असतो ना, ज्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं, तो याचसाठी दिलेला असतो. डोळ्याचा कप काढायचा आणि तो त्या जागी सरकवायचा. सहा वर्षं माझ्या गळ्यात लोंबत होता. मॅन्युअलमध्ये लिहिलंही आहे. पण मॅन्युअल वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्यांचा हरवला असेल त्यांनी काळी चिकटपट्टी लावावी, फक्त उन्हात तिचा गोंद सुटतो, तेव्हा आत काळ्या कागदाची घडी ठेवा.

रविवारी रबर लावून पूर्ण क्लिप घेतली. ५:४० ते ७:०५, दर आठ सेकंदांनी एक, ६४० फ्रेमा. मुद्दाम चादरी दोरीवर तशाच ठेवल्या. आणि काय सांगू! लोणी. एक मनोरा अक्कलकोटच्या बाजूला उभा राहिला, त्याची एकेक पाकळी फुगताना दिसते. होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडल्यापासून चौकटीचा उजवा कोपरा मोकळा पडला आहे. ढग केवढा आहे हे सांगायला ती उपयोगी पडायची, पण आता त्या कोपऱ्यात ऐरण पूर्ण पसरू शकते. ६:२१ ला सूर्यास्त. मग तळाशी निळसर राखाडी पट्टा उगवू लागतो, ती आपल्या पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. आडवं, सपाट क्षितिज असल्यामुळे ही सावली अगदी जमिनीपासून वर सरकताना मिळते. डोंगर नाही म्हणून रडणाऱ्या सोलापूरकरांनी हे एकदा बघावं.

जुनी २८ एमएम आता लागणार नाही, तरी विकत नाही. फोकसची कडी फिरवताना जो मऊ जडपणा हाताला लागतो त्याचेच पैसे दिले असं समजतो. अ‍ॅडॅप्टरमुळे तिची अनंतची खूण थोडी पुढे सरकते, तेवढं लक्षात ठेवायचं.

खरं तर नोंद इथे संपवून रत्नागिरीबरोबरच्या वेळा ठरवायच्या होत्या. आम्ही दोघं घड्याळ लावून ५:४० ला सुरू करत होतो, ते चूक आहे. रत्नागिरी आमच्या पश्चिमेला अडीच अंशांहून थोडी जास्त, सूर्य तिथे दहा मिनिटं उशिरा मावळतो. त्याने दहा मिनिटं उशिरा सुरू केलं तर दोन्ही क्लिपांत सूर्य क्षितिजापासून सारख्याच उंचीवर राहील. इथवर लिहिलं आणि पडताळायला क्लिप पुन्हा लावली, तर ३४५व्या फ्रेमपाशी अडकलो.

सूर्यास्तानंतर पाचेक मिनिटांनी त्या गुलाबी पट्ट्यात दोन गडद पट्टे आहेत, पूर्वेला एका बिंदूकडे निमुळते होत जाणारे. मला आधी लेन्सचा डाग वाटला. डाग नाही, ढगांच्या सावल्या आहेत. समांतरच असतात, पण स्टेशनच्या रुळांसारख्या लांबवर मिळाल्यासारख्या दिसतात. प्रश्न असा की ढग कुठला? आमच्याकडे पश्चिमेला आभाळ स्वच्छ होतं. सूर्य क्षितिजाखाली दोन अंश गेला की आमच्या वरच्या हवेला मिळणारं ऊन पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटरवर जमिनीला घासून आलेलं असतं. आणि सोलापूरच्या नाकासमोर पश्चिमेला, जवळपास त्याच अक्षांशावर, दोनशे किलोमीटरवर काय आहे? सातारा! सप्टेंबरअखेर सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. म्हणजे त्या सावल्या सातारा-कोयनेकडच्या ढगांच्या असणार.

आम्ही पर्जन्यछायेतले लोक. सह्याद्री पाऊस अडवतो आणि आम्ही कोरडे, हे शाळेपासून ऐकत आलो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८-१९ मध्ये ढगांवर बीजरोपणाचे प्रयोग करायला हाच परिसर निवडला तोही त्यामुळेच. पण सह्याद्रीवरच्या ढगांची खरीखुरी सावली आमच्या पूर्वेच्या आभाळात पडते आणि ती माझ्या क्लिपमध्ये आहे, हे पाहून मी अर्धा तास खोलीत येरझाऱ्या घातल्या.

तेव्हा बेत बदलला. सध्या रत्नागिरी बाजूला. साताऱ्यात माझा मावसभाऊ आहे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कॅमेरा नाही, फोन आहे, पुरे. आमच्याकडे सूर्य बुडून पाच मिनिटं झाली तरी त्याच्याकडे अजून दोन-तीन मिनिटं ऊन असतं. नेमक्या त्या वेळी त्याने किल्ल्यावरून पश्चिमेकडचे ढग घ्यायचे आणि मी इकडे त्यांच्या सावल्या. सूर्यास्त जसा दक्षिणेकडे सरकेल तशी ढग आणि त्याची सावली जोडणारी रेघही सरकेल. नोव्हेंबर उजाडताना तो इथून रत्नागिरीच्या दिशेला येतो, तेव्हा तिकडच्या गड्याची पाळी. तोवर पाऊस गेलेला असेल, समुद्रावर ढग मिळतील का ही धाकधूक आहे. ऐनवेळी साथ देईल असा इंटरव्हॅलोमीटरही (ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घ्यायला लावणारं यंत्र) हवा. सध्याचा स्वस्तातला दोनशे फ्रेमांनंतर एखादी खातो, आणि सावल्यांच्या वेळी खाल्लेली फ्रेम परत मिळत नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, म्हणजे मी ढगाचा फोटो काढायचा आणि तू त्याच ढगाच्या सावलीचा? आणि पाऊस आला तर?” म्हटलं, तुझ्याकडे आला तर छत्री घे, माझ्याकडे आला तर कळव, चादरी काढायच्या असतात.

रबराला दोरा बांधून ट्रायपॉडच्या पायाला अडकवला आहे. शनिवारी साडेपाचला गच्चीवर.